‘आमच्यात’ म्हणायचं नाही, ‘आमगेर’ म्हणायचं: बी.एड.च्या वर्गात ऑनलाइन युवा देवाणघेवाण कशी सुरू करावी

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. गोव्यातल्या आमच्या कॉलेजच्या छात्राध्यापकांनी दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजसाठी चाळीस स्लाइड्स केल्या. समुद्र, चर्च, देवळाची दीपमाळ, शिगम्याचं रोमट, हुमण-भात. पलीकडच्यांनी धबधबे आणि समूहनृत्य दाखवलं. दोन्हीकडून टाळ्या, एक स्क्रीनशॉट, आभारप्रदर्शन. पुढच्याच महिन्यात त्याच गटातली एक हुशार मुलगी इंटर्नशिपला एका प्राथमिक शाळेत गेली. तिचा पाठ बघायला मी मागे बसले होते. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा अख्खा तास गप्प होता. नंतर विचारलं तर ती अगदी सहज म्हणाली, “मॅडम, तो घाटी आहे. त्याला नाही कळत.”

त्या मुलाचे आईवडील कर्नाटकातून आलेले, बांधकामावर काम करणारे. घरी कन्नड, चाळीत हिंदी, शाळेत मराठी, खेळताना कोंकणी. सात वर्षांच्या वयात चार भाषांतून वाट काढणारं पोर, आणि आमच्या भावी बाईंना ते ‘न कळणारं’ वाटलं. चाळीस स्लाइड्सचा काहीही उपयोग झाला नव्हता.

त्यानंतर बरंच मोडून पुन्हा बांधलं. बी.एड., डी.एल.एड. किंवा चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला नव्याने शिकवू लागलेल्या सहकाऱ्यांसाठी ते इथे मांडते.

पहिली देवाणघेवाण गोव्यातल्या गोव्यात

पलीकडचं कॉलेज शोधायची घाई नको. गोव्यातल्या कुठल्याही बी.एड. वर्गात बघा. पेडण्याची मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असते. सासष्टीचा मुलगा पहिलीपासून इंग्रजीत शिकलेला आणि घरी रोमी लिपीतलं कोंकणी वाचणारा असतो. केपे-काणकोणकडची वेळीप किंवा गावडा समाजातली एखादी मुलगी असते, वास्कोला वाढलेला, हिंदी आणि कन्नड दोन्ही बोलणारा मुलगा असतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या, बाकीचे तालुके अठराव्या शतकात. हा सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा फरक अजून जेवणात, आडनावात, बोलण्याच्या हेलात दिसतो. तरी ही मुलं दोन वर्षं एकाच वर्गात बसतात आणि एकमेकांच्या घरी क्वचितच जातात.

म्हणून पहिले दोन तास आपसात. मी एक प्रश्न घेते: शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मारिया माता) या बहिणी आहेत, हे तुम्ही कुणाकडून ऐकलं? वर्गातल्या अर्ध्या जणांना ती गोष्ट ठाऊक असते. कुणाला आजीकडून, कुणाला जत्रेत, कुणाला चर्चच्या फेस्ताच्या वेळी. बहिणी किती, कोण थोरली, कोण कुठे गेली, हे प्रत्येकजण थोडं वेगळं सांगतो. बरोबर कोणतं ते मी सांगत नाही. एकाच गोष्टीची सहा रूपं फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची आणि तास तिथेच थांबवायचा.

याच तासाला एक नियम लागू होतो, तो शेवटपर्यंत टिकवायचा. ‘आमच्यात असं करतात’ किंवा ‘गोव्यात असं असतं’ ही वाक्यं बंद. त्याऐवजी ‘आमगेर’. कोंकणी येत नसेल त्याने ‘आमच्या घरी’ म्हणावं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ‘आमच्यात’ म्हटलं की माणूस अख्ख्या जातीचा, धर्माचा, राज्याचा वकील होतो. ‘आमगेर चवथीला पाच दिवस नुस्तें नसतं’ (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, नुस्तें म्हणजे मासे) एवढंच म्हटलं की शेजारची म्हणते, ‘आमगेर दीडच दिवस’. दोघी हिंदूच, दोघी फोंड्याच्याच. तिथूनच खरं बोलणं सुरू होतं. मला स्वतःला हा नियम पाळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, हेही सांगून ठेवते.

उद्देश एका वाक्यात लिहा

‘विविधतेतील एकतेची जाणीव’ असलं काही प्रस्तावात लिहावं लागेल, ते लिहा. पण स्वतःच्या वहीत वेगळं वाक्य हवं: या आठ आठवड्यांनंतर माझे छात्राध्यापक वर्गातल्या एखाद्या मुलाशी काय वेगळं वागतील? उत्तर सुचत नसेल तर अजून महिनाभर थांबा.

नुसता संपर्क आला की पूर्वग्रह जातात, हा गोड गैरसमज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच चार अटी मांडल्या होत्या: दोन्ही गट बरोबरीच्या नात्याने भेटावेत, दोघांचं ध्येय एक असावं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा असावा. माझ्या पहिल्या वर्षात यांतली चौथीच अट पुरी झाली होती, आणि तीही आभारप्रदर्शनापुरती.

जोडीदार कसा शोधायचा

सगळ्यांना परदेश हवा असतो. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी देशातलाच जोडीदार घ्या. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात राज्यांच्या जोड्या लावलेल्या आहेत आणि गोव्याची जोडी झारखंडशी आहे. त्यामुळे कागदोपत्री कारण तयार मिळतं, प्राचार्यांना पटवावं लागत नाही. घड्याळ एक, कामापुरती समान भाषा हिंदी. शिवाय गोव्यातल्या हॉटेलांत आणि इमारतींच्या कामांवर झारखंडची माणसं रोज दिसतात. आपल्या मुलांनी त्यांना पाहिलेलं असतं, पण त्यांच्याशी कधी बोललेली नसतात.

पहिला अनुभव पदरात पडला की बाहेर बघा. ‘आय-अर्न’ हे शाळांचं जाळं १९८८ मध्ये मॉस्को आणि न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा जोडून सुरू झालं आणि आज अनेक देशांत आहे. महाविद्यालयांसाठी ‘कॉइल’ नावाची पद्धत आहे. तिच्यात दोन देशांतले दोन प्राध्यापक आपापल्या विषयाचे काही आठवडे एकत्र शिकवतात. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ मध्ये तिचं केंद्र काढलं. पोर्तुगाल किंवा इंग्लंडातलं स्विंडन गोमंतकीयांना ओळखीचं वाटतं, कारण तिथे कुणाचा ना कुणाचा काका असतोच. पण काका असलेल्या ठिकाणी मुलं काकाच्याच चष्म्यातून बघतात, हा माझा अनुभव.

पत्र संस्थेला पाठवू नका, ते एखाद्या आवक नोंदवहीत झोपून राहतं. शिकवणाऱ्या एका व्यक्तीला लिहा. पत्रात तीनच गोष्टी असाव्यात: आमची मुलं किती आणि काय शिकतात, कोणते आठ आठवडे सोयीचे, आणि मिळून काय करायचं आहे. होकार आला की मुलांना जोडण्याआधी त्या शिक्षकाशी तुम्ही स्वतः दोनदा फोनवर बोला. तुमचं दोघांचं जमलं नाही तर मुलांचं जमणार नाही. दोन्हीकडची संख्या सारखी ठेवा. एकदा आमचे पंचेचाळीस आणि त्यांचे बारा असा प्रकार झाला आणि त्या बारा जणांची अवस्था नव्या सुनेसारखी झाली.

परवानग्या

प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि सहभागी प्रत्येकाचं संमतिपत्र. छात्राध्यापक सज्ञान असतात, पण पुढे शाळेतली मुलं जोडणार असाल तर लक्षात असू द्या: वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचे फोटो, पूर्ण नावं, शाळेच्या गणवेशावरचं बोधचिन्ह यांतलं काहीही बाहेर जाता कामा नये. एकमेकांचे फोन नंबर द्यायचे नाहीत. व्हॉट्सॲपचा गट दोन शिक्षकांपुरता. मुलांचं सगळं काम गूगल क्लासरूम किंवा पॅडलेटसारख्या, तुम्हाला दिसेल अशा जागी.

नेट, वीज आणि सूर्य

सत्तरीतल्या किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांना घरी रेंज मिळेल असं धरून चालू नका. पावसाळ्यात तर वीजच भरवशाची नसते, आणि पलीकडेही तीच गत. म्हणून आठपैकी सहा आठवड्यांचं काम सवडीने करण्यासारखं ठेवा: लिहिलेला मजकूर, दोन मिनिटांचा आवाज, एक फोटो. थेट भेटी दोनच, पंचेचाळीस मिनिटांच्या, कॉलेजातून. व्हिडिओ फक्त बोलणाऱ्याचा चालू. एका फोनचा हॉटस्पॉट राखीव ठेवा, तोही वेगळ्या कंपनीचा.

युरोपशी जोडत असाल तर घड्याळ जपा. पोर्तुगाल हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. ठरवलेली भेट त्या रविवारनंतर असेल तर तासभर चुकामूक ठरलेलीच.

झारखंडशी घड्याळ एक असलं तरी सूर्य वेगळा, ही मजा आम्हाला पहिल्याच थेट भेटीत कळली. डिसेंबरची संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. आमच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि रांचीच्या पडद्यावर काळोख पडत आलेला. एकाने विचारलं, “तुमच्याकडे इतक्यात रात्र?” त्यातून बोलणं कुठच्या कुठे गेलं: शाळा किती वाजता भरते, मुली ट्यूशनवरून एकट्या परततात का, हिवाळ्यात कितीजण सकाळी गैरहजर असतात. ठरवलेला कार्यक्रम बाजूला राहिला आणि मी राहू दिला.

आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात ओळख, पण सण, पदार्थ, पोशाख यांना बंदी. प्रत्येकाने घरातली रोज हाताळली जाणारी एक वस्तू दाखवायची आणि ती कोण वापरतं ते सांगायचं. आमच्याकडून आदोळी म्हणजे नारळ खवायची विळी आली, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू आला, आखातात जहाजावर असलेल्या वडिलांचा जुना सिमकार्डांचा डबा आला. आदोळीवर पलीकडून प्रश्न आला, “यावर नेहमी बाईच का बसते?” उत्तर द्यायला आमच्या मुलांनी तीन दिवस घेतले.

दुसरा-तिसरा आठवडा शब्दांचा. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९७ साली ‘कल्तुरा’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना तेच शब्द, तीच अर्धी वाक्यं दिली जात, प्रत्येकजण आपल्या भाषेत पहिल्यांदा मनात येईल ते लिही आणि मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावत. समजावून कुणी सांगत नसे, फरक विद्यार्थ्यांनीच शोधायचे. मी दहा शब्द देते. त्यांतले काही: शिक्षक, शिस्त, जंगल, खाण, पाहुणा, बाहेरचा. आणि दोन अर्धी वाक्यं: ‘चांगला विद्यार्थी तो, जो…’ आणि ‘वर्गात गप्प बसणारं मूल…’.

‘खाण’ने दोन्हीकडच्यांना एकदम जवळ आणलं. डिचोली-सांग्याच्या मुलांनी लिहिलं: लाल धूळ, ट्रक, बंद, बाबाचं काम गेलं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या, ते या मुलांच्या शाळकरी वयातलं. पश्चिम सिंहभूमकडच्या मुलांनी लिहिलं: लोखंड, रेल्वे, जमीन गेली, धूळ. ‘धूळ’ दोन्ही यादीत होती. ‘जमीन गेली’ आणि ‘काम गेलं’ यांत काय फरक, यावर जो धागा चालला तो मी छापून ठेवला आहे.

आणि मग ‘बाहेरचा’. आमच्या यादीत जे येणार ते आलंच: भायलो, घाटी, भाडेकरू, कामगार. पलीकडच्या यादीत एक शब्द होता जो आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता: दिकू. झारखंडात आदिवासी समाज बाहेरून आलेल्यांना, त्यातही सावकार-जमीनदारांसारख्यांना, दिकू म्हणतो. त्यांच्या गटात आदिवासी मुलं होती आणि ज्यांच्या आजोबांना दिकू म्हटलं गेलं अशीही होती. तिथली एक मुलगी लिहून गेली, “माझा भाऊ गोव्यात हॉटेलात आहे. त्याला तुम्ही यांतलं काय म्हणता?” दोन दिवस आमच्याकडून कुणी काही लिहिलं नाही. मी मध्ये पडले नाही. तिसऱ्या दिवशी पेडण्याच्या एका मुलाने लिहिलं की त्याची बहीण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेली आहे, आणि तिला तिथे काय म्हणतात ते तिने घरी कधीच सांगितलेलं नाही.

चौथ्या आठवड्यात सणांवरची बंदी उठते. आता सण दाखवायला हरकत नाही, कारण आता प्रश्न विचारता येतात. आपली चवथ आणि झारखंडचा करम हे दोन्ही सण भाद्रपदातले, आठवड्याच्या अंतराने येणारे. आपण माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, कांगलां, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस बांधतो. ते करमच्या झाडाची फांदी रानातून आणून अखड्यात, म्हणजे गावच्या नाचाच्या अंगणात, रोवतात, भोवती नाचतात, आणि मुली आधीपासून टोपलीत जावा म्हणजे धान्याचे अंकुर वाढवतात. दोघेही रान घरी आणतात. पण तेवढ्यावर ‘किती सारखे आहोत आपण’ म्हणून गळ्यात पडायचं नाही. विचारायचं: रानात कोण जातं? माटोळीचं सामान तुम्ही तोडता की बाजारातून आणता? विकायला कोण बसतं, आणि त्यांच्या घरी माटोळी असते का? ज्यांच्या घरी चवथच नसते ती मुलं त्या दहा दिवसांत काय करतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच वर्गातल्या कॅथलिक मुलांनी दिलं, आणि हिंदू मुलांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

पाचव्या आठवड्यात शाळेच्या भाषेवर या. कोंकणी १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली, संथाली २००३ मध्ये. संथालीसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५च्या सुमाराला ओल चिकी लिपी घडवली. आपल्याकडे देवनागरी की रोमी हा वाद संपलेला नाही, आणि १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापराची जी तरतूद आहे तिच्यावरून वर्गात आवाज चढतात. गोव्याचा हा भाषावाद पलीकडच्यांना समजावून सांगायला आमच्या मुलांना बसवा. त्रयस्थाला सांगताना माणूस निम्म्या घोषणा आपसूक गाळतो. मी मराठीवादी घरातली. रोमी लिपीची बाजू इतक्या शांतपणे मांडलेली मी त्या धाग्यावरच पहिल्यांदा वाचली.

सहावा आणि सातवा आठवडा पाठटाचणाचा: दोन आमचे आणि दोन त्यांचे अशा चौकडीने तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासातला एक घटक घ्यायचा आणि दोन्हीकडच्या शाळांत चालेल असा पाठ लिहायचा. ‘पाणी’ किंवा ‘आपलं अन्न’ सोपं पडतं. पाठात निदान एक प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर फक्त मुलांच्या घरीच मिळेल. आठव्या आठवड्यात दुसरी थेट भेट आणि निरोप.

बिनसलं तर

बिनसणारच. गोमांस, जात, धर्मांतर, मुलींचे कपडे यांपैकी काहीतरी आठ आठवड्यांत येतंच. तेव्हा संदेश पुसू नका. धागा चोवीस तासांसाठी थांबवा, दोन्ही शिक्षकांनी आधी आपसात बोला, मग ज्याने लिहिलं त्याच्याशी एकट्याशी. सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं टाळा, त्याने माणूस गप्प होतो आणि मत घट्ट होतं. वाक्य पुन्हा ‘आमगेर’ने सुरू करून लिहायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच धार जाते. उघड शिवी किंवा धमकी असेल तर मात्र हा मऊपणा नको, सरळ बाहेर काढा आणि प्राचार्यांना लेखी कळवा.

एखादी मुलगी काहीच लिहीत नसेल तर तिला ‘सहभाग कमी’ असा शेरा मारण्यापूर्वी विचारा, तिच्याकडे स्वतःचा फोन आहे का. आमच्याकडे एकदा एकीचा फोन भावाकडे असायचा आणि आम्ही तिला लाजाळू समजत होतो.

गुण कशाला द्यायचे

सादरीकरणाला अजिबात नाही, नाहीतर पुन्हा स्लाइड्स येतील. मी तीन गोष्टी बघते: विद्यार्थ्याने विचारलेले प्रश्न पहिल्या आठवड्यापासून कसे बदलले, रोजनिशीत स्वतःचं कुठलं मत बदलल्याची नोंद आहे का, आणि इंटर्नशिपमधली एक निरीक्षण-नोंद. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये साधारण २० आठवडे शाळेत जातात. त्यातल्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने वर्गातलं सगळ्यांत गप्प मूल निवडायचं आणि त्याच्याबद्दल पंधरा ओळी लिहायच्या: घरी कोणत्या भाषा, डब्यात काय, कोणाशी खेळतं, कधी बोलतं. ‘हुशार’, ‘कच्चा’, ‘मागासलेला’ हे शब्द वापरायचे नाहीत. एका छात्राध्यापिकेने ‘आपलं अन्न’ शिकवताना भाकरीला घरी काय म्हणतात ते विचारलं, तेव्हा तिच्या गप्प मुलीने ‘रोट्टी’ म्हणून सांगितलं, आणि ज्वारीची रोट्टी दोन्ही तळव्यांनी थापतात कशी ते उभं राहून करून दाखवलं. पंधरा ओळींतल्या चौदा तिने त्यावरच खर्च केल्या होत्या. मी पूर्ण गुण दिले.

शेवटची सूचना कामाची. पुढच्या वर्षीच्या जोडीदाराला पत्र जुलैतच पाठवा. चवथ लागली की आपल्याकडचं कुणी उत्तर देत नाही, पाठोपाठ तिकडे करम, दुर्गापूजा, दिवाळी, छठ. तोवर नोव्हेंबर उजाडतो आणि आठ आठवडे कुठून काढायचे हा प्रश्न उभा राहतो.